जखमेवर काय लावलंस?

आमच्या डहाणूच्या दवाखान्यात पट्ट्या धुऊन, उकळून, वाळवून परत वापरायचे. किस्स्यांचंही तसंच. एकोणीसशे पंचावन्न-साठच्या सुमारास मी तिथे ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन बांधणारा, होतो. तेव्हाचे इतके साठलेत की बायको म्हणते, आता तरी नवे आणा. पण माझ्या उजव्या हाताचं हे पहिलं बोट बघा. हे कापायचं ठरलं होतं. ते अजून जागेवर कसं, हे सांगायचं तर जुनेच सांगावे लागतात.

आमचे डॉक्टर कडक शिस्तीचे. खाकी हाफ पँट आणि गुडघ्यापर्यंत जाड मोजे, भर मे महिन्यातसुद्धा! बाहेर रांगेत लोक म्हणायचे, साहेबाला आतून थंडी वाजते. जखम उघडली की पेशंटला आधी विचारायचं, "काय लावलंस?" हा त्यांचा नियम. उत्तर ठरलेलं असायचं, "काय नाय."

* * *

पहिल्याच आठवड्यात झाई गावचा एक मच्छीमार आला. सुरीने तळहात उभा चिरलेला, आणि वर काळंकुट्ट काहीतरी थापलेलं.

"काय लावलंस?"

"काय नाय."

हुंगून बघितलं तर होडीचं डांबर! तेही गरम करून ओतलेलं. तासभर ते खरवडताना मी त्याला यथेच्छ झापलं. तो शांतपणे म्हणाला, "होडीची भोकं बुजतात, मग माझं एवढं नाय बुजणार?"

* * *

वरोरहून एकाला खाटेवर घालून आणलं. पाकटाने पायात काटा मारलेला. हा मासा शेपटीने मारतो आणि धडधाकट माणूस गडाबडा लोळतो. पण आमच्यासमोर आला तो पाय चक्क भाजलेला. बायकोने कढत पाण्यात बुडवून धरला होता.

मी ओरडलो, "अहो बाई, माणूस आहे की कोळंबी?"

ती म्हणाली, "भाजला त भाजला. बोंबलायचा थांबला ना?"

मला वाटलं, आता डॉक्टर हिला फाडून खाणार. ते नुसतं म्हणाले, "पुढच्या वेळी पाणी जरा निवू दे."

* * *

आठवड्याच्या बाजारादिवशी आम्ही तलासरीला जायचो. पडवीत टेबल टाकायचं आणि रांग लावायची. तिथे पाड्यावरची ढाकली म्हणून एक म्हातारी यायची. लाकूड फोडताना ढलपी उडून तिचं कपाळ फुटलं होतं. मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक बँडेज तिला बांधलं. पुढच्या बाजाराला आली ती उघड्या कपाळाने.

"पट्टी कुठंय?"

"बकरीच्या पायाला. तिला जास्त लागलंय."

रागाने माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण कपाळ बघितलं तर जखम सुकलेली, कडेला कसलंसं हिरवं. विचारल्यावर अर्थातच, "काय नाय." त्यानंतर ती दर बाजाराला डॉक्टरांसाठी पानांची एक पुडी आणायची. मला वाटायचं, रानभाजी असेल.

* * *

अळ्यांचा किस्सा जेवताना ऐकू नका. गवत कापणाऱ्या एका मजुराची पायाची जखम उघडली, तर आत वळवळ. मी ड्रेसर, तीन वर्षांचा अनुभवी, आणि सरळ खाली कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर त्या जखमेवर वाकून निरखत होते. एकेक अळी चिमट्याने काढत म्हणाले, "बघ. यांनी तुझ्यापेक्षा स्वच्छ काम केलंय."

अपमान तर झालाच, पण खाली मांस खरंच लालबुंद आणि स्वच्छ होतं.

* * *

आता हे बोट. घरी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा शिरला. दुसऱ्या दिवशी बोट सुजलं, तिसऱ्या दिवशी ठणका खांद्यापर्यंत. डॉक्टरांनी चिरा दिला, पेनिसिलिन दिलं, औषधात भिजवलेली पट्टी दिली. तरी टोक काळं पडायला लागलं. त्यांना तीन दिवस मुंबईला जायचं होतं. जाताना म्हणाले, "इंजेक्शनं चालू ठेव. आल्यावर फरक दिसला नाही तर हे बोट काढावं लागेल." मी हो म्हटलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडलो. उजव्या हाताला बोट नसलेल्या ड्रेसरला चिमटा कोण धरायला देणार?

ढाकलीने ते बोट आदल्याच दिवशी, तलासरीला बघितलं होतं. तिने पुडीतली मूठभर पानं काढून माझ्या खिशात कोंबली होती. "वाटून बांध. नि सायबाला नको सांगू."

मी ती फेकणार होतो. पाच वर्षं लोकांना ज्याबद्दल शिव्या घातल्या, तेच मी करू? पण डॉक्टर गेले त्याच संध्याकाळी बायकोला म्हटलं, "पाटा काढ."

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. मी बोट तीनदा साबणाने धुतलं होतं. त्यांनी पट्टी सोडली. सूज अर्ध्यावर आली होती, काळं टोक सुटून आत गुलाबी दिसत होतं. त्यांनी बोट नाकाजवळ नेलं.

"काय लावलंस?"

दारात रांग उभी होती. झाईचा तो डांबरवालासुद्धा होता.

"काय नाय," मी म्हणालो.

सगळी रांग हसली. डॉक्टर हसले नाहीत. उठले, दार लावलं, कडी घातली. आता नोकरी गेली, एवढंच माझ्या मनात. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी उजव्या पायाचा मोजा हळूहळू खाली गुंडाळला. पोटरीवर जुनी, चार बोटं रुंद, न भरलेली जखम होती. त्यावर आमच्याच दवाखान्याची पट्टी, आणि पट्टीच्या कडेने हिरवा रस. खोलीभर त्या रानभाजीचा वास सुटला.

"तुला तिने किती दिवसांनी बदलायला सांगितलंय?" त्यांनी विचारलं. "मला रोज बदलायला लावते."