सात पावलं आणि गेरूची रेघ

कुडव्याच्या आमच्या सेल्फ डिफेन्स क्लासमधली दोन माणसं भेटली की किस्सा निघतोच. चहा संपतो, किस्से काही संपत नाहीत. आणि बहुतेकांत गेरू असतोच.

गेरूचं असं आहे. आमचे बिसेन सर लाकडी चाकूला ओला गेरू फासतात आणि अंगावर धावून येतात. पांढऱ्या ड्रेसवर लाल रेघ उमटली, म्हणजे तिथे खरा चाकू लागला असता. सर सांगतात, "हातभर अंतरावर चाकू दिसेपर्यंत तो पोटात जाते. आधी सात पावलं मांगं, मंग बाकीचं."

पहिल्याच दिवशी बँकेतले पटले नावाचे गृहस्थ म्हणाले, "सर, मी हात पकडतो ना." जिमची बॉडी! पाच मिनिटांत छातीवर सात रेघा. घरी बायकोने ड्रेस धुवायला घेतला आणि विचारलं, "आज कितीदा मेले जी?" तेव्हापासून पटले ड्रेस स्वतः धुतात.

सरही सुटलेले नाहीत. एकदा त्यांच्या घरी गेलो, तर ते अंगणातूनच आत विचारत होते, आज भाजी कोणती. मॅडम स्वयंपाकघरात विळीवर वांगी चिरत होत्या. आम्ही हसलो.

"हसू नका," सर हळूच म्हणाले, "सकाळी आमचं भांडण झालं."

आमच्यात कुमुदताई होत्या. शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या. चाकू दिसला की नुसत्या मागे सरकायच्या, मध्ये खुर्ची ओढायच्या आणि ओरडायच्या.

पटले चिडवायचे, "ताई, एकदा हात त लावा."

"कायले लावू? चाकू त्याच्याजवळ हाय."

बेल्टच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांना नापास केलं. म्हणे, एकही डाव दाखवला नाही. ताई दोन आठवडे क्लासला आल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण ताईंना हसणाऱ्यांत मीही होतो.

मग एका दुपारी देवरीच्या बसस्टँडवर एक दारुडा चाकू घेऊन ताईंवर आणि त्यांच्या गरोदर मुलीवर धावला. ताईंनी मुलीला पाठीशी घेतलं, मागे सरकत उसाच्या रसाची गाडी मध्ये घेतली आणि ओरडत राहिल्या. तो गाडीभोवती फिरला, त्याही लेकीला घेऊन फिरल्या. तेवढ्यात लोक धावले आणि त्याला धरलं. फोनवर हे ऐकलं तेव्हा आमची छाती अशी फुगली, जणू आम्हीच तिथे होतो.

संध्याकाळी बसमधून उतरून ताई थेट क्लासला आल्या. "मी काई नाई केली जी, सर. मांगं मांगं सरकली."

सरांनी चष्मा लावला. ताईंच्या दोन्ही बाह्या पाहिल्या, पदर पाहिला, निऱ्या पाहिल्या. कुठेच काही नव्हतं.

मग त्यांनी गेरूचा चाकू ताईंच्या हातात दिला, सात पावलं मोजत मागे आले आणि आमच्या रांगेत उभे राहिले.