बदली रद्द करण्याची अट

मैत्रिणींनो, आपलं फिरतं पत्र नेमकं आज माझ्याकडे आलं. बरं झालं, दुपारपासून डोकं तापलंय.

इथे नागपुरात, सदर भागातल्या ऑफिसात मी पुलांचे नकाशे काढते. आज साहेबांनी माझी बदली काटोलच्या गोदामावर केली. कामात चूक नाही, हे त्यांनीच मान्य केलं.

"तुम्ही आणि त्या सुधाबाई एका खोलीत राहता. लोक बोलतात. लग्न करा, मी बदली रद्द करतो. नवरा-बायकोला आम्ही एका गावात ठेवतोच."

मी युनियनच्या भाऊरावांकडे गेले.

"बाई म्हणून पगार कमी देला असता, तर मी गेटवर बसलो असतो, ताई. याले कोणता कायदा लावू? अन् तक्रारीत तुम्ही काय लिहान?"

खरं लिहिलं तर नोकरीच जाईल. ते वगळलं तर तक्रारीत काही उरतच नाही.

सोमवारी काटोलला हजर व्हायचंय, तिथेच राहायचंय. सुधाची शाळेतली नोकरी इथे, नागपुरात.

आमच्यासारख्या दोघींनी एका गावात राहण्यासाठी कुणाकडे अर्ज करायचा? तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर याच पत्रात लिहा. खाली नाव घातलं नाही तरी चालेल.