चहापाण्याचे दोनशे

डेअरीवरच्या मंडळींनो, पत्रात पुन्हा तुमचं तेच. "तहसीलातल्या कारकुनाला चहापाण्याचे दोनशे देऊन टाक, सुमीचा दाखला निघंल." दाखल्याविना महिनाअखेरीला बहिणीचं बारामतीच्या कॉलेजचं ॲडमिशन हातचं जाणार, हे मला वापीत बसूनही कळतंय.

आज सुट्टी होती. दोनशेची मनीऑर्डर करायला निघालो, तर चौकात एक मराठी पाद्री जक्कयाची गोष्ट सांगत होते. जकातीवर बसून लोकांना लुबाडणारा माणूस, पण येशू घरी आला आणि त्यानं सगळं चौपट परत केलं.

माझं डोकं फिरलं. ओरडलो, "पाद्रीबाबा, हे आमच्या इंदापूरच्या कारकुनाला सांगा की."

ते म्हणाले, "मीच तसला कारकून होतो. चहापाणीच म्हणायचो. एका म्हातारीचे पैसे परत द्यायला तिच्या दारात गेलो. मला बघून ती म्हणाली, 'साहेब, अजून किती?' आणि पैसे आणायला आत वळली."

मला तिथं आमची आई दिसली.

तात्या, दोनशे पाठवले न्हाईत म्हणून बाप या नात्यानं तुमी चिडणार. दाखला अडला तर सुमी माझं तोंड बघणार न्हाय. तरी विचारतो, तुमच्यातलं कोण तिच्यासोबत तहसीलात दिवसभर उभं राहतंय? स्टॅम्पचे पाच आणि दोघांच्या एसटीचे वीस, असे पंचवीस रुपये पाठवलेत.