कॉलेजाच्या अंगणातला नळ

ज्या दिवशी माझे कुटुंब, मुलाची आई, वारले, त्याच दिवशी मुलगा मॅट्रिक्युलेशन पास झाल्याचे ठाण्यात कळले. त्याने कॉलेजात जावे ही तिची इच्छा होती. सुतक फिटल्यावर मी त्याला मुंबईचे कॉलेज दाखवायला निघालो, तेव्हा कल्याणचे माझे चुलते बरोबर आले. घराण्यात वडील तेच. त्यांनी नाही म्हटले तर आमच्याकडे भटजीही फिरकणार नव्हता.

कॉलेजाची दगडी इमारत, जिने, वर्ग, यांतले काकांनी काही पाहिले नाही. मुलगा पुस्तकांच्या कपाटांपुढे खिळून उभा होता. मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते केस दिसू लागले होते. काका मागच्या अंगणात गेले आणि शिपायाला नळ खोलून दाखवायला सांगू लागले. आत चामड्याची चकती असते आणि तिने पाणी बाटते असे त्यांनी ऐकले होते. त्या एका चकतीवरून त्यांना सगळ्या विद्येची परीक्षा घ्यायची होती. शिपाई म्हणाला, नळ सरकारी आहे, साहेबाला विचारा. साहेबापुढे उभे राहण्याची काकांची तयारी नव्हती. तपासणी तिथेच आटोपली. निकाल त्यांनी कल्याणहून निघतानाच लावला असावा.

मुलाला बोलावून ते म्हणाले, "हे पाणी प्यायलास तर तुझ्या हातचा पिंड सूनबाईला पोचायचा नाही."

मुलाने विचारले, "आजोबा, तुमच्या वाडीतली मोट कशाची?"

"चामड्याची. पण मोटेचं पाणी झाडांना जातं."

"आणि वांगी तुम्हाला."

शिपाई तोंड फिरवून हसला. काका म्हणाले, कॉलेजात पाऊल पडले नाही तोच याला शिंगे फुटली. मुलाने नळ सोडला, ओंजळ धरली आणि तो पाणी प्यायला. मग माझ्याकडे पाहिले. मीही प्यायलो.

परतताना काका दुसऱ्या डब्यात बसले. इंजिनात पाणी कोणत्या नळाने भरतात, हे मात्र त्यांनी कोणाला विचारले नाही.

पुढे कल्याणहून निरोप आला, बापलेकांनी प्रायश्चित्त घ्यावे. मी धर्मशास्त्राची पोथी काढून सावकाश वाचली. तीत नळ कुठेच नव्हता. तसे कळवले. त्यावर उत्तर आले नाही. काकांनी पोथी उघडली असेल, असे मला वाटत नाही.

वर्षश्राद्धाला भटजी आला नाही. मंत्र मी म्हटले, पिंड मुलाने ठेवले. आता तो मुंबईत शिकतो. ठाण्याच्या घरी मी एकटा असतो. कल्याणहून कोणी येत नाही.