टाकीच्या मध्यावरचा पाइप

राहात्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवं अग्निशमन केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा इमारतीतलं पाणी, वीज आणि हवा यांचं डिझाइन आमच्या ऑफिसकडे आलं. म्हणजे मॅडमकडे. आम्ही बाकीचे त्या सांगतील ते कॉम्प्युटरवर काढणारे. मॅडम मूळच्या तिसगावकडच्या, बोलायला तिखट. 'चालतंय की' असं त्यांच्यासमोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. मला मात्र त्यांच्या हाताखाली काम करताना रोज वाटायचं, आपलं नशीब थोर.

गाडीचा धूर जवानांच्या झोपायच्या खोलीत शिरू नये, वीज गेली तरी शटर साखळी ओढून हातानं उघडावं, यावर कुणी वाद घातला नाही. वाद झाला तो पाण्यावरून. जमिनीखाली एकच मोठी टाकी होती. बंब भरायचा पाइप मॅडमनी टाकीच्या तळाशी दाखवला. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि फाटकाबाहेरचा लोकांसाठीचा नळ, या सगळ्यांचा पाइप मात्र टाकीच्या मध्यावर. पाणी निम्म्याखाली गेलं की नळ बंद, बंबाला तळापर्यंत मिळणार.

केंद्राचे होणारे प्रमुख मीटिंगला आले होते. ते म्हणाले, "मॅडम, कशाला येवढा उपद्व्याप? आमी नळाला कुलूप लावतो. कुनाला थेंब बी देनार न्हाई."

मॅडम हसल्या. "साहेब, भर उन्हाळ्यात कडेवर पोर घेऊन एखादी बाई हंडा पुढं करंल. तुमी न्हाई म्हनाल?"

साहेबांनी नकाशा स्वतःकडे ओढून घेतला.

"तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हनून हा पाइप," मॅडम म्हणाल्या.

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पंपाचा दाब सगळेच मोजतात. माणसाची भीड डिझाइनमध्ये धरणारं दुसरं कुणी मी आजवर पाहिलेलं नाही.

केंद्र सुरू झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडायचं आवर्तन लांबलं. फाटकाबाहेर हंड्यांची रांग लागू लागली. पंपाच्या किरकोळ कामासाठी मी तिथं गेले होते, त्याच दिवशी सकाळी नळ फसफसला आणि बंद पडला. रांगेतली एक मावशी ऊसतोडीला आलेली, पलीकडच्या माळावर तिची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. ती साहेबांवर तुटूनच पडली. "गाडी भरायला पानी हाय, आन् आमच्या लेकरांला न्हाई व्हय?"

"मावशी, आमच्या जवानांचीबी आंघोळ न्हाई झाली. आत येऊन बघा."

ती खरंच आत गेली, न्हाणीघरातला कोरडा नळ फिरवून पाहिला आणि पुटपुटत परत आली. राग गेला नव्हता, पण भांडण मिटलं. हंडे तिथंच ठेवून बाया सावलीला बसून राहिल्या.

दुपारी माळावर धूर दिसला. ऊसतोड्यांच्या कोप्या वाळल्या पाचटाच्या, पेटायला काय वेळ लागतो! बाया ओरडत तिकडं पळाल्या. बंब गेला, रिकामा होऊन परत आला, तळाच्या पाइपवर भरला आणि पुन्हा गेला. पहिल्या दोन कोप्या जळाल्या, पण पुढची सगळी ओळ वाचली. त्यात मावशीचीही वाचली. माणसं आणि बैलं सुखरूप होती. धुरानं काळवंडून परत आलेल्या साहेबांनी टाकीच्या झाकणावर हात टेकला आणि मला म्हणाले, "तुमच्या मॅडमला सांगा, आज लई उपकार झाले."

मला रडूच आलं. मी तशीच मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. आग विझली, ओळ वाचली, सगळे तुमचंच कौतुक करतायत.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या बायांना पाणी मिळालं का गं?"

मी फाटकाकडे पाहिलं. बाया परत येऊन हंड्यांपाशी बसल्या होत्या.

"नाही, मॅडम."

"मग तू तिथंच थांब," त्या म्हणाल्या. "मी टँकर घेऊन येते."