स्टुलावरचे डॉक्टर

शिव्या खाव्यात तर आमच्या डॉक्टरांनीच. इतक्या आदराने आणि इतक्या लक्षपूर्वक शिव्या ऐकून घेणारा दुसरा माणूस सांगली-साताऱ्यात तरी नसेल, आणि बाहेर असला तर त्याचा धंदाही हाच असणार. मनाच्या आजारांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांच्याकडे येणारा माणूस सहसा स्वतःहून आलेला नसायचा. कोणीतरी फसवून, ओढून, देवदर्शनाला नेतो म्हणून सांगून आणलेला असायचा आणि तो राग पहिल्यांदा डॉक्टरांवरच निघायचा. डॉक्टर मान किंचित कलती करून ऐकत. एकदा एका तरुणाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "खानापूर तालुका का? न्हाई, ही शेवटची मी फक्त विट्याच्या बाजूला ऐकलीय." तो तरुण इतका गोंधळला की गावाचं नाव सांगून खाली बसला. हळदीचे एक व्यापारी तर दर सोमवारी केवळ डॉक्टरांना काही कळत नाही एवढंच सांगायला यायचे. डॉक्टर त्यांना विचारत, "मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो?" आणि व्यापारी पुढे सुरू करत.

मी पुण्याहून मानसशास्त्रात एम. ए. करून त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा मला अशी एकही शिवी कळत नव्हती. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. पुस्तकी मराठीत मी "आपल्याला निद्रा येते का?" असं विचारलं की पेशंट डॉक्टरांकडे बघायचे आणि डॉक्टर भाषांतर करायचे, "झोप लागतीया का, म्हणत्यात." मला ते 'मिस' म्हणत. त्यात चेष्टा किती आणि मान किती, हे मी कधी विचारलं नाही. मी फारसं काहीच विचारत नसे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत असे, आणि बघण्यासारखं पुष्कळ होतं.

उदाहरणार्थ, ते स्टूल. दवाखान्यात हातांची, गादीची एकच चांगली खुर्ची होती आणि ती दारालगत मांडलेली असे. तिच्यात पेशंट बसायचा. डॉक्टर स्वतः समोर एका ठेंगण्या लाकडी स्टुलावर बसत. त्याचा एक पाय आखूड असल्यामुळे बोलता बोलता ते किंचित डुलत. मी कारण विचारलं नव्हतं, तरी एक दिवस त्यांनी सांगितलं, "ज्याला पळून जावंसं वाटतंय त्याला दार जवळ पाहिजे, मिस. जाता येतंय हे दिसलं की माणूस बसतो." त्यापायी एकदा मोठी गंमत झाली. औषध कंपनीचा एक नवखा प्रतिनिधी आला आणि खुर्चीतल्या भारदस्त गृहस्थांनाच डॉक्टर समजून त्यांच्यापुढे बॅग उघडून बसला. ते गृहस्थ गेली काही वर्षं स्वतःला जिल्ह्याचे कलेक्टर मानत होते. त्यांनी प्रत्येक गोळीची माहिती गंभीरपणे ऐकली, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, नमुने ठेवून घेतले आणि "बघू, वर कळवतो," असं सांगून त्याला निरोप दिला. डॉक्टर स्टुलावर डुलत सगळं ऐकत होते. प्रतिनिधी गेल्यावर त्यांनी हात पुढे करून नमुने तेवढे मागून घेतले आणि मला म्हणाले, "प्रश्न चांगले होते हां. मला सुचले नसते."

दुसरी गोष्ट त्यांचं 'हं'. दुःखाचं वेगळं, संशयाचं वेगळं, 'हे तुम्ही मागच्या वेळी निराळं सांगितलं होतं'चं वेगळं. ही सवय घरीही सुटत नसे. त्यांच्या पत्नी मला जेवायला बोलावून वाढता वाढता तक्रार करत, "भाजीला मीठ बरोबर आहे का विचारलं तर म्हणतात, 'हं. तुला काय वाटतं?' मी काय ह्यांची पेशंट हाय व्हय गं?" त्यावर डॉक्टर "हं" म्हणत आणि त्या हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत.

आणि एवढा सगळा शांतपणा दवाखान्यातच खर्च होऊन जात असल्यामुळे बाहेरच्या जगासाठी काही उरत नसे. अंगावर धावून येणाऱ्या माणसापुढे पापणी न हलवणारे हे गृहस्थ एस.टी.ची खिडकी उघडली नाही की लालबुंद व्हायचे. दर गुरुवारी आम्ही सांगलीहून साताऱ्याला जायचो; तिथे त्यांच्या एका मित्राच्या दवाखान्याची मागची खोली त्यांना वापरायला मिळे. त्या प्रवासात त्यांचं कंडक्टरशी, ड्रायव्हरशी, पुढच्या सीटवरच्या कोंबडीवाल्या बाईशी भांडण झालं नाही, असा गुरुवार मला आठवत नाही. मी खिडकीबाहेर बघत आपण यांच्याबरोबर नाही असं भासवत असे.

त्या साताऱ्याच्या खोलीतच मी हवालदारांना पाहिलं. वडूजच्या बाजूचे, फौजेतून निवृत्त झालेले, उंच, मिशा ताठ. मला बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ह्या बाई शाळा तपासाया आल्यात का?" आपला धाकटा भाऊ आणि बायको मिळून आपल्याला विष घालणार, या एका विचाराने त्यांना घेरलं होतं. झोप गेली होती. गोळी हातात दिली की ते ती कोंबड्यांपुढे टाकत आणि कोंबडी मरते का ते बघत बसत. भाऊ बिचारा सज्जन होता आणि थकला होता. बायको तर अशी कृश झाली होती की आजारी कोण हे बघणाऱ्याने विचारावं.

मग एका गुरुवारी तिघेही आले. हवालदार बाहेर लिंबाखाली पाठ भिंतीला लावून उभे राहिले. भाऊ आत येऊन म्हणाला, "डॉक्टर, आता आवरत न्हाई. ताट अंगणात भिरकावलं. घरचं पाणी बी पीत न्हाई. झाडाचे पेरू अन् रानातल्या शेंगा, तेवढ्यावर हाय. मोठ्या इस्पितळात टाकायचं ठरलंय. तुमची तेवढी चिठ्ठी द्या."

काय झालं होतं ते वहिनींनी, म्हणजे हवालदारांच्या बायकोने, सांगितलं. गोळी कुटून आमटीत घातली होती. कित्येक घरांत घालतात, प्रेमापोटीच घालतात. हवालदारांनी पहिला भुरका घेतला आणि ती कडू लागली.

"त्यास्नी कळू देऊ नगा, डागदरसाहेब," वहिनी म्हणाल्या. "भास झाला म्हणा. कळलं तर माझ्या हातचं परत कवा खायाचे न्हाईत."

डॉक्टर 'हं' म्हणाले नाहीत. उठून बाहेर गेले आणि हवालदारांना घेऊन आले. हवालदार दाराजवळच्या खुर्चीत बसले, डॉक्टर समोर एका उलट्या खोक्यावर. साताऱ्यात स्टूल नव्हतं.

"डागदर, एकच सांगा," हवालदार म्हणाले. "आमटी कडू लागली. हे म्हणत्यात भास. मी येडा हाय का?"

भाऊ डॉक्टरांकडे बघत होता. वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. मलाही वाटत होतं की आता ते काहीतरी गुळगुळीत बोलून वेळ मारून नेतील. खरं तर न्यावी असंच मला वाटत होतं.

"कडू लागली ते खरं, हवालदार," डॉक्टर म्हणाले. "वैनींनी माझी गोळी कुटून घातली व्हती. इख नव्हतं, औषध व्हतं. अन् घाला म्हणून मीच सांगितलं व्हतं. तुमी झोपत नव्हता, खात नव्हता, मला दुसरं सुचलं न्हाई. चूक माझी हाय. वैनींची न्हाई."

हवालदार उठले. भाऊ भिंतीकडे सरकला. मग जे सुरू झालं ते मी इथे लिहू शकत नाही आणि त्यातलं निम्मं मला कळलंही नाही. पण डॉक्टरांची मान त्या दिवशी कलती नव्हती. तालुका ओळखायचा तो चेहराही नव्हता. ते खाली बघत होते. बोलून बोलून हवालदार थांबले आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो."

"न्हाई."

"कडू व्हतं."

"व्हतं."

ते परत येऊन खुर्चीत बसले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं आणि माझं लक्ष टेबलावरच्या डब्याकडे गेलं. डॉक्टर धर्माने जैन होते, दिवस मावळल्यावर ते अन्नाला शिवत नसत. पेशंट बोलत राहिला की त्यांचं जेवण बुडायचं आणि घड्याळाकडे न बघण्याची त्यांना अशी सवय होती की बुडालं हे त्यांना उशिरा कळायचं. आज तर पेशंट बोलतही नव्हता.

"डागदर," हवालदार एकाएकी म्हणाले, "तुमी जैन न्हवं? आमच्या कंपनीत एक व्हता, बेळगावकडला. दिवस बुडला की खायाचा न्हाई. जेवा की. ऊन गेलं बघा."

"आज ऱ्हाऊ दे."

"का? आमी काय इख घातलंय व्हय त्यात?"

हसावं की नाही, कोणालाच कळेना. हवालदारच आधी हसले. अगदी थोडं, मिशीच्या एका बाजूने. डॉक्टरांनी डबा उघडला आणि भराभर, शाळेची घंटा झालेल्या मुलासारखे जेवले. अर्धी भाकरी त्यांनी हवालदारांपुढे धरली. हवालदारांनी मान हलवली. नको. तेवढं नाही.

पण डबा बंद झाल्यावर त्यांनी गोळ्या मागितल्या. एक उचलून जिभेवर ठेवली, डोळे मिटून चव घेतली आणि खटल्याचा निकाल द्यावा तसं म्हणाले, "हां. हीच ती." गिळली. उरलेली पुडी स्वतःच्या खिशात घातली आणि भावाला म्हणाले, "हे आता माझ्यापाशी ऱ्हाणार." मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी त्या दिवशी लिहिली गेली नाही, पुढेही नाही.

ते पुरते बरे झाले असं मी म्हणणार नाही. भाऊ शेताचा बांध रोज थोडाथोडा सरकवतो, हा संशय त्यांनी कधी सोडला नाही. पण ते येत राहिले. काही महिन्यांनी एकदा व्हरांड्यात आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं, "घरचं जेवता का आता?"

"जेवतो की. पर त्या बाईनं लय वात आणलाय. ताट ठेवलं की सांगाया लागती. आज मीठ जास्त पडलंय, आज डाळ जराशी लागलीया, चटणी कालची हाय. समदं. ऐकून ऐकून कान किटलं." आणि ते मोठ्याने हसले. चांगलं, भरघोस हसू.

परतीच्या एस.टी.त मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. उंब्रज गेलं, कराड आलं.

"चूक माझी होती, मिस," ते म्हणाले, "आणि मिठाचा जाब रोज त्या बाईला द्यावा लागतोय. हवालदारांपुढे मी कबूल केलं. तिला मात्र अजून काही बोललो नाही."

त्यानंतरच्या गुरुवारी हवालदार एकटेच आले. त्यापुढच्याही. सोबत लागत नाही आता, म्हणाले. उन्हाळ्यात मला पुण्याला नोकरी लागली आणि मी सांगली सोडली. डॉक्टरांची पत्रं येतात, त्यांत एस.टी.वरचा संताप असतो, कलेक्टरसाहेबांची खुशाली असते. दर वेळी उत्तर लिहायला बसले की वहिनी कधी भेटल्या का, हे विचारावंसं वाटतं. मग वाटतं, भेटल्या असत्या तर डॉक्टरांनी आपण होऊन कळवलं असतं.