मिस्बाहचं राहून गेलेलं अपडेट

अकोल्यात कानाचं मशीन बसवून देणारी मिस्बाह माणूस म्हणून सोन्यासारखी, पण चालढकल करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. हे मी, वर्षाली, तिच्या तोंडावरही सांगते.

माझी आई माणिकबाई अकोटच्या बाजारात फुलं विकते. महिन्याभरापूर्वी मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न तिला ऐकूच आला नाही, थोडक्यात वाचली. तेव्हापासून मी तिला एकटीला बाहेर सोडत नव्हते. मिस्बाहकडे दोन खेपा फुकट गेल्या. एकदा मशीनच आलं नव्हतं, एकदा वीज नव्हती. तिसऱ्यांदा निघताना आईनं बजावलं, "आज नाई झालं तं मी पुन्हा येत नाई. बहिरी तं बहिरी." आणि आई एकदा बोलली की बोलली.

नवं मशीन कानात बसलं. आता ते कॉम्प्युटरवरून आईच्या कानाप्रमाणे लावायचं होतं. पण त्यासाठीचा नवा प्रोग्राम इन्स्टॉलच होईना. आधी डॉटनेट नावाचा भाग अपडेट करा, म्हणे.

"हे कालच काहून नाई केलं?" मी विचारलं.

"ताई, चार महिन्यांपासून कॉम्प्युटर इचारून राहिला, अन् मी 'नंतर' दाबून राहिली," मिस्बाह मान खाली घालून म्हणाली. "चूक माहीच हाये."

माझं डोकंच फिरलं. तरी माझ्या मोबाइलचं नेट तिला दिलं. चाळीस टक्के, साठ टक्के, आणि तिथेच अडकलं. पुन्हा पहिल्यापासून. आईनं पिशवी उचलली. अपडेट कसंबसं झालं, मग कॉम्प्युटर बंद होऊन सुरू व्हायला लागला, तर स्क्रीन काळीच. आईनं चपला घातल्या. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. मला रडूच येत होतं.

शेवटी प्रोग्राम उघडला. मिस्बाहनं आईला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आई ओठ बघून बोलणं ओळखते, म्हणून मिस्बाह मागूनच बोलून बघणार होती.

"माणिकबाई, आयकू येते काय?"

आई गप्प. मिस्बाहनं आवाज वाढवला, पुन्हा विचारलं. आई गप्पच.

मिस्बाहनं आणखी काही आकडे बदलले आणि दमून स्वतःशीच पुटपुटली, "या अल्लाह, सकाळपासून चहा बी नाई घेतला."

आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "मंग घे ना, पोरी. मले बी सांग एक."